काटासाहेबांच्या घरची फरशी

काटासाहेबांच्या घरची फरशी फार निसरडी आहे, ही गोष्ट साऱ्या इमारतीला ठाऊक होती. इतकी निसरडी, की त्यांची मुलगी तिच्यावरून वर्षातून दोन-तीनदा तरी घसरून पडे, आणि पडली की अर्धा दिवस झोपून राही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः गुडघ्यांवर बसून ती फरशी तळहाताने चोळून पाहिली होती. त्यांनी गवंडी आणला. गवंड्याने फरशीवर पाणी ओतलं, अनवाणी चालून पाहिलं, शेवटी थोडं पळूनही पाहिलं, आणि "हिच्यावरून पडायचं म्हणजे मेहनत घ्यावी लागेल," असं सांगून मजुरी घेऊन गेला. तरी सेक्रेटरींनी हट्टाने फरशी बदलून घेतली. मुलगी नव्या फरशीवरही पडली. मग ती एकदा जिन्यात पडली, म्हणून जिन्यात रबराच्या चटया आल्या. गच्चीवर पडली, तेव्हा गच्चीला कुलूप लागलं.

खरं कारण घरातल्या तिघांनाच माहीत होतं. मुलीला शाळेत असल्यापासून फीट येत असे. डॉक्टर चांगले होते, औषध नियमित चालू होतं, त्यामुळे प्रकार पुष्कळ आटोक्यात होता. पण तो शब्द काही घरात उच्चारला जात नसे. घरात त्याला 'ते' म्हणत. "तिला काल ते झालं," असं बायको सांगे, आणि तेही नळ सोडून, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जायला नको. बाहेरच्यांसाठी फरशी होतीच.

आता काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातले तराजू, काटे, लिटरची मापं तपासायची, बरोबर असतील त्यांना तारेत शिशाचा गोळा अडकवून पकडीने सील ठोकायचं, आणि खोटी असतील ती उचलून न्यायची, हे त्यांचं काम. हे काम ते इतक्या सचोटीने करत, की बाजारात त्यांना अजून कोणी चहासुद्धा पाजू शकलं नव्हतं. दुकानदारांच्या मनात याबद्दल आदर होता, आणि रागही होता. आदरापेक्षा राग थोडा जास्तच होता.

"मी आता घसरणार नाहीये," एका संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची तिला सवय लागली होती.

"उत्तम," काटासाहेब म्हणाले. "जपूनच चालावं माणसाने."

"तसं नाही, बाबा. मला फीट येते, आणि पुढेही येईल. पण मी घसरले असं यापुढे कोणी सांगायचं नाही. मला कंटाळा आलाय त्या फरशीचा."

बायकोने उठून खिडकी लावून घेतली.

मग मुलीने सगळं सांगितलं. अपस्मार असलेल्या लोकांची एक संस्था होती, तिथे ती काही महिने जात होती. संस्थेला आपल्या भागातल्या सभागृहात एक जाहीर कार्यक्रम करायचा होता. फीट म्हणजे काय, ती आली तर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे डॉक्टर लोकांना सांगणार होते. सभागृहाचं भाडं, लाउडस्पीकर, छपाई यासाठी वर्गणी हवी होती. मुलीने बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. "हा घेऊन मी दुकानोदुकानी जाणार. कोणी विचारलं तर सांगणार, मलाच आहे."

काटासाहेबांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. मुलीची त्यांना लाज वाटत नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्यांना भीती वाटत होती. हे ऐकून लोक पाऊलभर मागे सरकतील, आणि ते मागे सरकणं ती बघेल, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"तू नको," ते म्हणाले. "मी जातो. बाजारात माझी ओळख आहे."

मुलीने थोडा विचार करून दोन अटी घातल्या. डब्यावर आजाराचं नाव स्पष्ट लिहायचं, आणि कोणी विचारलं, तुम्हाला या आजाराचं काय पडलंय, तर खरं सांगायचं. पहिली अट काटासाहेबांनी ताबडतोब मान्य केली. दुसऱ्या अटीच्या वेळी त्यांना ठसका लागला.

काटासाहेबांना वाटलं होतं, डब्यावर गुपचूप नाव लिहावं आणि कामाला लागावं. पण ते जिन्यात बसून कागद कापत होते, आणि जिन्यात बसलेल्या माणसाला सल्ला न देता पुढे जाईल असा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता.

"अपस्मार?" सेक्रेटरी म्हणाले. "नको हो. असं नाव वाचलं की लोकांना वाटतं, डब्याला हात लावला तर आपल्यालाही होईल. त्यापेक्षा 'मेंदू' लिहा."

"मेंदू लिहिलंत तर लोक चिडतील," समोरच्या बिऱ्हाडातल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या. "ज्याच्यापुढे डबा धराल त्याला वाटेल, मलाच म्हणतोय. नुसतं 'सत्कार्य' लिहा."

"मग अक्षरं बारीक काढतो," काटासाहेब म्हणाले.

पण ते त्यांना जमेना. मालाच्या पाकिटावरची वजनाची अक्षरं ठरलेल्या उंचीपेक्षा लहान असतील तर दंड करणं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी बारीक अक्षरं काढली, सवयीने पट्टी लावून मोजली, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. पुन्हा काढली, पुन्हा मोजली. शेवटी 'अपस्मार जनजागृती निधी' ही अक्षरं एवढी मोठी झाली, की डब्याला गुंडाळताना 'निधी' मागच्या बाजूला गेला.

"आणि हा डबा असा उघडा नेणार?" सेक्रेटरींनी विचारलं. "उद्या कोणी म्हणालं, वाटेत हात घातला, तर?"

हा मुद्दा काटासाहेबांच्या जिव्हारी लागला. त्यांच्यावर संशय! ते तडक घरात गेले, ऑफिसची पिशवी उघडली, डब्याच्या झाकणाला तार ओवली, शिशाचा गोळा अडकवला आणि खात्याच्या पकडीने कचकन सील ठोकलं. फक्त नाणी-नोटांसाठी चीर ठेवली. आपण काय करून बसलो हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्यांच्या हातांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात शिरले. पहिलं दुकान किराणावाल्यांचं. काटासाहेबांना बघून त्यांनी नेहमीप्रमाणे तराजूपासून हात लांब केले. मग डबा पाहिला. डब्यावरचं सील पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की काटासाहेबांनी मागे वळून कोण आलंय ते बघितलं.

"साहेब," किराणावाले हलक्या आवाजात म्हणाले, "किती वर्षं वाट बघितली हो तुमची!"

"मी अपस्माराच्या जनजागृतीसाठी..."

"हो हो, कळलं." त्यांनी डोळा मिचकावून नोट आत सारली. "नाव छान शोधलंत. कोणी विचारायलाही जाणार नाही."

"अहो, हा खरंच आजार आहे!"

"असणारच. तुम्ही कशाला खोटं सांगाल?" असं म्हणून त्यांनी आणखी एक नोट टाकली.

पुढे सगळीकडे हेच झालं. हार्डवेअरवाल्यांनी "खात्याचं सील आहे म्हणजे वरपर्यंत पोचत असणार," असं म्हणून दोन्ही हातांनी पैसे घातले. कापडवाल्यांनी विचारलं, हे एकदाच द्यायचं की दरमहा. भंगारवाला तर गहिवरला. "माणसात आलात, साहेब," म्हणाला, आणि पैसे टाकून झाल्यावर मोकळ्या मनाने गादीखालून तीन पोकळ वजनं काढून समोर ठेवली. "आता ही चालू ठेवतो ना?"

काटासाहेबांनी ती तिथल्या तिथे जप्त केली.

भंगारवाल्याचा अजून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. तासाभरात साऱ्या बाजारात बातमी गेली, की काटासाहेब खातो, आणि खाऊन वर वजनंही उचलून नेतो. लाच घेतल्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण घेतलेल्या लाचेशी बेइमानी, हे मात्र बाजारात कधी झालं नव्हतं. भंगारवाला रडत काटासाहेबांच्या ऑफिसात गेला आणि तक्रार देऊन आला.

साऱ्या बाजारात फक्त भाजीवाल्या मावशींनी डब्यावरचं वाचून पैसे टाकले होते.

"कोणाला आहे हो हे?" त्यांनी विचारलं होतं.

"लोकांना," काटासाहेब म्हणाले.

"कोणत्या लोकांना?"

"आहेत बरेच," असं म्हणून काटासाहेब पुढच्या दुकानाकडे निघाले होते, आणि त्यांचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. तक्रारीवरून मागवून घेतलेला डबा टेबलावर मधोमध ठेवला होता आणि सगळं ऑफिस काही ना काही निमित्त काढून आत डोकावत होतं.

"यावर आपलं सील आहे," मोठे साहेब म्हणाले. "म्हणजे हे तपासलेलं माप आहे. कशाचं माप?"

"बिस्किटांचा डबा आहे, साहेब."

"मग याची तपासणी झालेली नाही. ती आता करावी लागेल. त्यासाठी डबा उघडावा लागेल. पण आपलं सील तपासणीआधी तोडणं हा गुन्हा आहे, आणि तपासणीनंतर तोडायचं म्हणजे तपासणी आधी व्हायला हवी." मोठ्या साहेबांनी घाम पुसला. "ते राहू द्या. एक सांगा, तुम्हाला या आजाराचं एवढं काय पडलंय? घरात कोणाला आहे का? तसं असेल तर सांगा. मी आत्ता हे प्रकरण मिटवतो."

दारात तीन कारकून, एक शिपाई आणि चहावाला उभे होते. काटासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "नुसती समाजसेवा."

"वजनमापे खात्यातला माणूस समाजसेवा करतोय, हे चौकशीत कोण मानेल?" मोठे साहेब कळवळून म्हणाले. शेवटी त्यांनी तोडगा काढला. डबा कार्यक्रमाच्या दिवशी, त्याच सभागृहात, ज्यांनी ज्यांनी पैसे टाकले त्यांच्यासमोर उघडायचा. कोणी कशासाठी पैसे दिले हे ज्याने त्याने उठून सांगायचं. तोवर काटासाहेबांनी बाजारात पाऊल टाकायचं नाही.

त्या संध्याकाळी मुलीने एवढंच विचारलं, "मोठ्या साहेबांनी विचारलं होतं का, कोणाला आहे ते?"

काटासाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग?"

काटासाहेबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मुलगी उठून आत निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पुढचे काही दिवस तिला नीट झोप लागली नाही. "अहो, झोप मोडली की तिला ते होतं, माहितीये ना?" बायको नळ सोडून म्हणाली. काटासाहेबांना माहीत होतं. त्यांच्यामुळेच तिची झोप मोडली होती, हेही माहीत होतं, आणि नोकरी जाण्यापेक्षा त्यांना याचंच जास्त वाईट वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बाजार अर्धा दिवस बंद ठेवून झाडून सगळे दुकानदार आले होते. इमारतीतले सगळे आले. ऑफिसातले आले. डॉक्टर व्यासपीठावरून ती गर्दी बघून हरखून गेले. "मी किती गावं फिरलो," ते म्हणाले, "पण या आजाराबद्दल एवढी आस्था मी कुठे पाहिली नाही!"

त्यांनी मन लावून भाषण केलं. फीट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका. त्याला दाबून धरू नका. बूट हुंगवू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर दवाखान्यात न्या. लोक टक लावून बघत होते, पण डॉक्टरांकडे नव्हे, त्यांच्या शेजारी टेबलावर ठेवलेल्या डब्याकडे.

"काही शंका?" डॉक्टरांनी विचारलं.

"डबा कधी उघडणार?" भंगारवाल्याने विचारलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

मोठे साहेब उठले. त्यांनी काटासाहेबांना व्यासपीठावर बोलावलं आणि सर्वांसमक्ष विचारलं, "शेवटचं विचारतो. हे पैसे तुम्ही कशासाठी गोळा केलेत? तुमचा या आजाराशी संबंध काय?"

"समाज..." काटासाहेब म्हणाले आणि थांबले.

पहिल्या रांगेत मुलगी उठून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती तोंड उघडणार तोच तिची नजर एका जागी थिजली, आणि ती खुर्च्यांमधल्या जागेत कोसळली. तिचे हातपाय झटके देऊ लागले.

मग जे झालं ते बघून डॉक्टरांनी आपलं भाषण नक्की कोणासाठी होतं असा प्रश्न स्वतःला विचारला असेल. किराणावाल्यांनी बूट काढला. गाण्याच्या बाई "चमचा, चमचा" म्हणून ओरडू लागल्या. कापडवाले पाण्याची बाटली घेऊन धावले. हार्डवेअरवाले खिशातून पक्कड काढून "दातखीळ मी उघडतो" म्हणत खुर्च्यांवरून उड्या मारत आले. डॉक्टर गर्दीच्या पलीकडे अडकले.

"थांबा!"

तो आवाज बाजाराच्या ओळखीचा होता. त्या आवाजाने भरल्या दुकानात शुकशुकाट होत असे.

"सगळे मागे! कोणी कशाला हात लावायचा नाही! तपासणी चालू आहे!"

सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. किराणावाले एका पायात बूट आणि दुसरा बूट हवेत धरून तसेच उभे राहिले. हार्डवेअरवाल्यांच्या हातातून पक्कड गळाली. काटासाहेबांनी खुर्च्या लाथेने बाजूला सारल्या, कोट काढून त्याची घडी केली आणि मुलीच्या डोक्याखाली सरकवला. बायको तोवर पोचली होती. दोघांनी तिला हळूच कुशीवर वळवलं. मग काटासाहेबांनी खिशातून खात्याचं घड्याळ काढलं, कळ दाबली, आणि जमिनीवर मांडी घालून बसले.

सभागृहात फक्त त्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"साहेब," हात वर ठेवूनच किराणावाल्यांनी विचारलं, "काय झालंय हो पोरीला?"

बायकोने सवयीने इकडेतिकडे बघितलं. तिथे नळ नव्हता.

"फीट आलीये," काटासाहेब घड्याळावरून नजर न काढता म्हणाले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "अपस्मार आहे तिला. माझी मुलगी आहे ती. शाळेत असल्यापासून आहे. त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते हेच, आणि तुमच्यातल्या जवळजवळ कोणीच वाचलं नाही, आणि ज्यांनी वाचलं त्यांच्याशी मी खोटं बोललो. आता ती शांत होईल. थोडा वेळ गोंधळलेली असेल. तिच्याभोवती गर्दी करू नका."

मागून सेक्रेटरींचा खोल गेलेला आवाज आला.

"म्हणजे... फरशीत काही दोष नव्हता?"

"नव्हता," काटासाहेब म्हणाले.

"नवीही बसवली आपण."

"ती पण चांगली आहे."

झटके थांबले. दीड मिनिट झालं होतं. डॉक्टर येऊन पोचले, त्यांनी नाडी पाहिली, आणि करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून काटासाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने मुलीने डोळे नीट उघडले. वडिलांना ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"सगळ्यांसमोर?" तिने विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"काय सांगितलंत? घसरले?"

"नाही गं," काटासाहेब म्हणाले. त्यांनी नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने डोळे मिटले आणि ती त्यांच्या कोटावर गाढ झोपली.

मोठ्या साहेबांनी डब्याचं सील स्वतःच्या हाताने तोडलं. कोणत्या नियमाने, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण डबा उघडल्यावर नवीच अडचण उभी राहिली. भंगारवाला पुढे आला आणि नाक ओढत म्हणाला, "साहेब, माझे पैसे मी लाच म्हणून टाकले होते. असे पैसे चांगल्या कामाला चालतात का?"

मोठे साहेब विचारात पडले. "चालत नाहीत," ते म्हणाले.

तेव्हा भंगारवाल्याने डब्यातून आपली नोट शोधून काढली, खिशात ठेवली, पुन्हा खिशातून काढली आणि देणगी म्हणून डब्यात टाकली. त्याच्यामागे किराणावाले उभे राहिले, त्यांच्यामागे कापडवाले, आणि बघता बघता सभागृहाच्या दारापर्यंत रांग लागली. "आपली कोणती नोट ते नीट ओळखून काढा," मोठे साहेब ओरडत होते. भाजीवाल्या मावशींनी तेवढा रांगेत उभं राहायला नकार दिला. आपले पैसे पहिल्यापासून चांगले होते, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. भंगारवाल्याने जाता जाता पोकळ वजनांची चौकशी केली. ती मात्र मिळाली नाहीत.

सेक्रेटरी फार दुखावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्यातल्या सगळ्या रबराच्या चटया काढून टाकल्या आणि वर्षानुवर्षांची धूळ निघावी म्हणून जिना साबणाने धुऊन घेतला. काटासाहेब नेहमीच्या वेळी ऑफिसला निघाले, दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि ते थेट खालच्या मजल्यावर जाऊन पोचले.

इमारत धावून आली, पण या वेळी कोणाच्या हातात बूट नव्हता की चमचा नव्हता. सेक्रेटरींनी सर्वांना मागे सारलं. गाण्याच्या बाईंनी उशी आणली. चौघांनी मिळून काटासाहेबांना कुशीवर वळवलं, आणि एकजण घड्याळ धरून उभा राहिला.

"अहो, उठू द्या मला!" काटासाहेब ओरडले. "मला काही झालेलं नाही! मी घसरलो! जिना ओला आहे!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरी खाली बसले, त्यांनी काटासाहेबांचा हात हातात घेतला आणि अतिशय मायेने म्हणाले, "काटासाहेब, आता तरी लपवू नका. यात लाजण्यासारखं काय आहे?"

वरच्या पायरीवर मुलगी आली होती. काटासाहेबांनी आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर हात दाबला, मग तिला हसू आवरेना, आणि ती कठड्याला धरून तिथेच ओल्या पायरीवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "पडून राहा. अजून पाच मिनिटं व्हायचीत."